सिग्वार्डचे तीन रविवार

स्कारा, १२ नोव्हेंबर १९९६

आल्गोत ब्रिंगेल्सन यांस,

देव तुम्हांला शांती देवो. वीस वर्षांनी माझे अक्षर पाहून हे पाकीट सरळ चुलीत टाकावे, असे तुमच्या मनात येईल. आधी वाचा, मग टाका, एवढीच विनंती.

सिग्वार्ड गेला, हे तुम्हांला त्याच दिवशी कळले असणार. मला ते चार दिवसांनी वर्तमानपत्रातून कळले. शनिवारी सकाळी मी निधनवार्तांचे पान उघडले आणि सिग्वार्ड आल्मक्विस्ट हे नाव वाचले. त्या नावाच्या डोक्यावर नेहमी छापतात तो क्रूस नव्हता, मासा होता. ज्याने छत्तीस वर्षे कॅथेड्रलच्या ऑर्गनवर देवाची स्तोत्रे वाजवली, त्याच्या नावावर तुमच्या तळ्यातला एक काटेरी मासा!

माझी बहीण मॅरिट माझ्याकडेच राहते, हे तुम्हांला ठाऊक आहे. ती चष्मा पुसत म्हणाली, "हिल्डिंग, मासा तर पहिल्या ख्रिस्ती लोकांची खूण ना? तूच शिकवायचास."

"तो मासा निराळा," मी म्हणालो.

"माशाला आहे का ठाऊक?"

असो. मुद्द्यावर येतो. सोमवारी मी सिग्वार्डचा स्मृतिलेख वर्तमानपत्राकडे दिला. ते पान सांभाळणाऱ्या श्रीमती एकमान यांनी फोनवर सांगितले की, एका मृतासाठी एकच लेख छापतात आणि घरच्यांनी ज्याला सांगितले असेल त्याचाच छापतात. सिग्वार्डच्या मुलीने, गुनिल्लाने, तुम्हांला सांगितले आहे.

आल्गोत, मी चाळीस वर्षांत या गावातील दोनशेहून अधिक माणसांचे स्मृतिलेख लिहिले. हिल्डिंगने लिहिल्याशिवाय स्कारात कोणी पुरते मरत नाही, असे लोक थट्टेने म्हणतात. त्या थट्टेत सत्याचा अंश आहे. तुम्ही पोस्टकार्डाच्या पलीकडे काही लिहिल्याचे ऐकिवात नाही. हे हिणवण्यासाठी म्हणत नाही. प्रत्येकाला वेगळे दान मिळालेले असते. कॅथेड्रलचे राखणदार असताना तुम्ही घंटा उत्तम वाजवीत होता. तेव्हा गुनिल्लाला दोन ओळी लिहून कळवावे की, हे काम तुम्ही माझ्यावर सोपवीत आहात. दफनविधी एकोणतीस तारखेला आहे.

१९७६ मध्ये जे झाले ते चर्चच्या शिस्तीपोटी झाले. त्याचा याच्याशी संबंध नाही.

हिल्डिंग वाल्लिन


स्कारा, १७ नोव्हेंबर, रविवार

आल्गोत यांस,

तुमचे पोस्टकार्ड मिळाले. "पोरीने विचारलं, मी हो म्हटलं. शब्द दिलाय. आल्गोत." मॅरिटने ते कपाटावर उभे करून ठेवले आहे. येताजाता वाचते आणि म्हणते, "किती नेमकं लिहितो हा माणूस!"

काल मी गुनिल्लाकडे गेलो होतो. पांढरी शेवंती नेली होती. तिने ती घेतली, कॉफी केली, आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाली, "हिल्डिंगकाका, रागावू नका. हे बाबांनीच सांगून ठेवलं होतं. म्हणाले, आल्गोतला लिहू दे. हिल्डिंगने लिहिलं तर इतकं सुरेख होईल, की मलाच वाटेल, कोण बरं हा थोर माणूस, याला एकदा भेटायला हवं होतं."

ती हसली. मीही हसलो. घरी येताना पुलावर मला थांबावे लागले.

तुम्हांला आता हसू येत असेल, तर आणखी एका गोष्टीवर हसून घ्या. माझा लेख शनिवारी कळले आणि सोमवारी लिहिला, असा नाही. तो नऊ वर्षे माझ्या मेजाच्या खणात आहे. सत्याऐंशी साली सिग्वार्डच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा मी तो दोन दिवसांत लिहिला. माझ्या हातून त्याहून चांगले काही झाले नाही. आणि मग सिग्वार्ड बरा झाला. वेलदोड्याचे पाव घेऊन स्वतःच्या पायांनी माझ्या दारात आला. मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. पण आभार मानताना मनाच्या एका कोपऱ्यात, लेख वाया गेला, अशी हळहळ होती. हे मी कोणत्याही कबुलीत आजवर बोललो नाही.

पहाटेपासून द्राक्षमळ्यात राबलेल्या मजुरांची कथा मी कितीदा व्यासपीठावरून सांगितली असेल! दिवस मावळताना आलेल्या माणसाला मालकाने तेवढीच मजुरी दिली म्हणून ते कुरकुरले. मी लोकांना सांगत असे, त्या कुरकुरणाऱ्यांत स्वतःला शोधा. मी स्वतः मात्र नेहमी मालकाच्या बाजूने उभा राहून ते सांगत होतो.

तुम्हांला आठवत असेल, माझ्या तेव्हाच्या घराच्या खिडकीतून कॅथेड्रलचे बाजूचे दार दिसे. सायंप्रार्थना सहाला संपे. सव्वासहाला सिग्वार्ड हॅट घालून बाहेर येई. डावीकडे वळला तर माझ्याकडे, उजवीकडे वळला तर तुमच्या खोलीकडे. मी त्या वेळी खिडकीपाशी काही ना काही वाचीत बसलेला असे. काय वाचीत असे, ते मला आठवत नाही. हॅट कोणत्या बाजूला वळली, ते प्रत्येक रविवारचे आठवते.

तुमच्याकडे असे काय होते? एक खाट, एक शेगडी आणि सरसाचा वास. माझ्याकडे त्याच्यासाठी मी लाइपझिगहून स्वरलिपी मागवून ठेवीत असे.

अजूनही वेळ आहे. गुनिल्लाला लिहा.

हिल्डिंग


स्कारा, २१ नोव्हेंबर, गुरुवार

आल्गोत यांस,

आज दुपारी श्रीमती एकमान आमच्याकडे आल्या. गुरुवारच्या रिवाजाप्रमाणे वाटाण्याचे सूप झाले होते आणि मॅरिट पॅनकेक भाजीत होती. बाईंनी बॅगेतून चार आखीव कागद काढून माझ्यापुढे ठेवले. अक्षर तुमचे होते.

"पाद्रीसाहेब, बघा तुम्हीच," त्या म्हणाल्या. "सुरुवातच 'सिग्वार्ड, तू' अशी. मेलेल्या माणसाला चक्क पत्र! आपल्याकडे हे चालत नाही. मी शेजाऱ्यांच्या फोनवर त्यांना गाठलं. तर म्हणाले, 'मला सिग्वार्डविषयी बोलता येत नाही, सिग्वार्डशीच बोलता येतं. छापायचं तर छापा, नाहीतर माशांना गुंडाळायला ठेवा.'"

"मग?" मी विचारले.

"मग काय! गुनिल्ला म्हणते, वडिलांचा शब्द मोडणार नाही, पण पान रिकामंही नको. सोमवारी दुपारी बारापर्यंत कुणी हे नियमात बसवून दिलं, तर आल्गोतच्या नावाने छापते. नाहीतर तुमचा लेख तयारच आहे."

मॅरिट उलथणे हातात धरून म्हणाली, "म्हणजे याने सोमवारपर्यंत नुसतं पॅनकेक खात बसायचं. आणखी काही करायला नको."

तिचे म्हणणे अचूक आहे. मी काहीच केले नाही, तर मी जिंकतो.

तो नियम कोणाचा, हे तुम्हांला ठाऊक नसेल. तो माझा आहे. एकसष्ट साली बुडून मेलेल्या एका कोळ्याच्या विधवेने त्याचा स्मृतिलेख लिहिला होता आणि सबंध लेख त्यालाच उद्देशून होता. 'तुझे हातमोजे चुलीवर वाळत राहिले आहेत, ते मी काढू की नको?' असे त्यात होते. मी तेव्हा तरुण पाद्री होतो आणि माझ्या अंगी शास्त्राचा ताठा होता. मी वर्तमानपत्राला दोन पाने लिहिली: मृतांना हाक मारणे आपल्या धर्माला मान्य नाही, वेष पालटून भुते उठवणाऱ्या बाईच्या दारी गेलेल्या बायबलातील राजाचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे, मृतांविषयी बोलावे, मृतांशी फक्त देवाने बोलावे. संपादकांनी त्याचा नियम केला. ती बाई पुढे चर्चमध्ये आली नाही.

माझ्या दोनशे लेखांतील एकही वाक्य मला आज न पाहता सांगता येणार नाही. ते हातमोजे मात्र आठवतात.

तुमचे कागद मी वाचलेले नाहीत. खणात ठेवले आहेत.

हिल्डिंग

ता. क. : वरील वाक्य लिहिले तेव्हा ते खरे होते. आता मी ते वाचले आहेत.


स्कारा, २४ नोव्हेंबर, चर्चच्या वर्षाचा शेवटचा रविवार

आल्गोत,

तुमचे चार कागद मी तीन दिवसांत किती वेळा वाचले, ते सांगत नाही. पहिल्यांदा वाचले ते चुका काढण्यासाठी. तुम्ही लिहिले आहे:

"सिग्वार्ड, तू यायचास तेव्हा तुझी बोटं बर्फासारखी असायची. वर ऑर्गनपाशी थंडी फार. मी पेला तुझ्या हातात द्यायचो आणि तू आधी नुसता धरून बसायचास. मग कॉफी बशीत ओतायचास, साखरेचा खडा दातात धरायचास आणि फुरके मारायचास. म्हणायचास, दिवसभरात हाच एक सूर माझ्या मनासारखा लागला."

येथे मी कागद खाली ठेवले. आल्गोत, माझ्याकडे सिग्वार्डने कधीही कॉफी बशीत ओतली नाही. एकदाही नाही. तो माझ्या आईच्या चिनी मातीच्या कपातून, करंगळी सावरून, लहान लहान घोट घेत असे, आणि मी समजत असे की तो तसाच आहे. तुमच्याकडे तो फुरके मारीत होता! कोणा माणसाचा एवढा हेवा मी उभ्या जन्मात केला नसेल, जेवढा शुक्रवारी सकाळी त्या बशीचा केला. मॅरिट म्हणाली, "तुला काय झालं? चेहरा असा का?" मी म्हटले, दात दुखतो.

आणि मग तिसरा कागद.

"एकदा मी तुला म्हटलं, तो पाद्री म्हणजे हेव्याने वाळलेलं लाकूड आहे. तू उठलास, हॅट घातलीस, म्हणालास, तो माझा मित्र आहे, आणि गेलास. पुढे तीन रविवार आला नाहीस. त्याच्याकडेच गेला असशील. मी वरचे दिवे विझवून खाली यायचो आणि खोली रिकामी असायची. मला त्याच्या चिनी कपांचा इतका राग आला, की मी माझा एक पेला फोडला. चौथ्या रविवारी तू आलास. त्याबद्दल ना तू बोललास, ना मी."

मी माझ्या जुन्या दैनंदिन्या काढल्या. मार्च १९७६. सात तारीख: 'सि. आला नाही. उजवीकडे.' चौदा: 'सि. नाही. उजवीकडे.' एकवीस: 'पुन्हा उजवीकडे. आता हे थांबवले पाहिजे.'

आल्गोत, तो माझ्याकडे आला नव्हता. मी समजलो, तुमच्याकडे गेला. तुम्ही समजलात, माझ्याकडे आला. आणि बावीस तारखेला, सोमवारी सकाळी, प्रार्थना करून, मी चर्चच्या कारभारी मंडळाला पत्र लिहिले, की राखणदार ब्रिंगेल्सन यांच्या अंगाला सायंप्रार्थनेच्या वेळी बिअरचा वास येतो.

वास बिअरचा नव्हता. तुम्ही ऑर्गनचा भाता चिकटवीत होता. तो सरसाचा वास होता. मला ते तेव्हाही ठाऊक होते. बायबलात धाकट्या भावाची भेट देवाने स्वीकारली म्हणून ज्या थोरल्याचा चेहरा उतरला, त्याने निदान शेतात, उघड्यावर, भावावर हात उचलला. मी तो लेखणीने उचलला आणि खाली 'आपला नम्र' लिहिले. तुमची नोकरी गेली, खोली गेली. आणि माझ्या पत्राने तुम्हांला तळ्याकाठी धाडल्यावर सिग्वार्डने काय केले? सव्वीस मैलांची बस धरून दर उन्हाळ्यात तुमच्या होडीत मासे पकडायला गेला. माझ्याकडे महिन्यातून एका रविवारी येत राहिला, ठरल्या वेळी, करंगळी सावरून. त्याला काय ठाऊक होते, हे मी विचारले नाही. त्याने कपाची बाजू फिरवून एकदा एवढेच म्हटले, "हिल्डिंग, सरसाला वास मोठा उग्र असतो, नाही?"

क्षमा मागण्यासाठी वीस वर्षे पुरली नाहीत, म्हणून आज मागतो आहे. द्यावी की न द्यावी, हे तुमच्याकडे.

लेखाचे सांगतो. उद्याच्या बाराची वाट मी पाहिली नाही. काल श्रीमती एकमान यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, हे जसेच्या तसे छापा. त्या म्हणाल्या, "पाद्रीसाहेब, तुमचंच पत्र आमच्या कचेरीत काच लावून टांगलंय. त्याच्याखाली बसून मी पस्तीस वर्षं विधवांना नाही म्हणतेय. आज तुमच्यासाठी हो म्हणू?"

मग त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून मी तुमचा लेख नियमात बसवला. तुम्ही सिग्वार्डशी बोलत होता. तेथे आता गावाशी बोलत आहात. बाकी हात लावला नाही. बोटे तशीच थंड आहेत, बशी आहे, फुरके आहेत. 'हेव्याने वाळलेलं लाकूड' वाचून बाई म्हणाल्या, "हे छापायचं? तुमच्याबद्दल?" मी म्हटले, "छापा. माहिती अचूक आहे." फक्त 'त्याच्याकडेच गेला असशील' हे वाक्य काढले, कारण ते खरे नाही. खाली नाव एकट्या तुमचे आहे.

माझा लेख परत आणला. तो अजूनही फार चांगला आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

हिल्डिंग


स्कारा, ३० नोव्हेंबर, शनिवार

प्रिय आल्गोत,

काल दफनानंतर सभागृहात तुम्ही दाराजवळ बसला होता आणि मी खिडकीजवळ. तुम्ही मान हलवलीत. ती मला होती, की माझ्या मागे कॉफी वाढणाऱ्या मुलीला, यावर काल संध्याकाळभर मॅरिट आणि मी वाद घातला. "तुलाच होती," ती म्हणते. "कॉफी त्याच्या हातात आधीच होती."

तुमचा लेख शवपेटीजवळ कोणीतरी कात्रण करून लावला होता. लोक वाचीत होते आणि हसत होते, आणि मग रुमाल काढीत होते. माझे लेख वाचून लोक माना डोलावीत. मी पाहत उभा राहिलो. हेवा वाटला का, असे विचाराल, तर वाटला. लाकूड एका आठवड्यात ओले होत नाही.

तुम्ही बस पकडायला लवकर निघालात, म्हणून पुढचे तुम्हांला ठाऊक नाही. गुनिल्ला माझ्याजवळ येऊन बसली. हातात कात्रण होते.

"काका, हे तीन रविवार," ती म्हणाली. "आल्गोतकाकांकडे नाही गेले, तर कुठे गेले बाबा? तुमच्याकडे?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडेही नाही. सात, चौदा आणि एकवीस मार्च. हॅट उजवीकडे वळली, एवढे मी पाहिले."

मग तिने तोंडावर हात धरला. मला वाटले रडते आहे. ती हसत होती. "उजवीकडे आमचं घर होतं, काका!"

आल्गोत, सिग्वार्ड आणि मी सत्तावीस वर्षे एकाच चर्चमध्ये काढली आणि मला हे सुचले नाही. तुमच्या खोलीवरून पुढे गेले की तीच वाट सिग्वार्डच्या घरी जाते.

"मी अकरा वर्षांची होते," गुनिल्ला म्हणाली. "मला लख्ख आठवतं, कारण बाबांनी पॅनकेक केले होते. रविवारी! मी म्हटलं, आज काय गुरुवार आहे? ते म्हणाले, आजपासून आहे. तीन रविवार केले. पहिल्या दिवशी सगळे करपले. आई टेबलाशी बसून राहिली होती, हात मांडीवर ठेवून, पाहुणी असल्यासारखी. म्हणाली, 'गुनिल्ला, खाऊन घे पटकन. त्याच्या दोन्ही यजमानांशी भांडण झालेलं दिसतंय. फार दिवस टिकायचं नाही.'"

एल्सा. सिग्वार्डची बायको. तिला जाऊन सात वर्षे झाली. तिचा स्मृतिलेख मीच लिहिला होता. 'शांत, गृहकृत्यदक्ष, पतीच्या कलेला आयुष्यभर मूक आधार देणारी.' हे तिच्याविषयी मला ठाऊक होते एवढेच नव्हे, तर हे पुरेसे आहे, अशी माझी खात्री होती. वर्षातल्या सगळ्या रविवारी ती उजवीकडच्या त्या घरात बसलेली असे, आणि आपण दोघे तिच्या नवऱ्याची वाटणी करीत होतो. पहाटे आलेला मजूर मीही नव्हतो आणि तुम्हीही नव्हता. पहाटेपासून ती होती, आणि तिने कुरकूर केली ती एवढीच.

आज सकाळी मी तिच्या कबरीवर गेलो. बाजूला सिग्वार्डची माती अजून ओली आहे. मेणबत्ती लावली. आजूबाजूला कोणी नाही, हे पाहून घेतले, आणि पस्तीस वर्षांपूर्वी मी ज्या नियमासाठी दोन पाने लिहिली, तो मोडला. म्हणालो, "एल्सा, तुझे तीन रविवार मी दुसऱ्याच्या नावावर मांडले होते." सिग्वार्डशी काही बोललो नाही. त्याच्याशी बोलायचा मान तुमचा आहे, आणि तुमच्या लेखानंतर मला तेथे तोंड उघडायचे धाडस होईना.

आता एक शेवटचे. आईचे चिनी कप मी मॅरिटच्या हवाली केले आहेत. बाजारातून दोन जाड पेले आणि दोन खोल बश्या आणल्या आहेत. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी, आठ डिसेंबरला, सायंप्रार्थनेनंतर सव्वासहाला मी कॉफी ठेवीन. बशीत ओतायला मला कोणी शिकवलेले नाही. सांडेल, पण जमेल. मॅरिट म्हणते, तिला तुमचे पोस्टकार्ड फार आवडले आहे, तेव्हा तुम्ही बोललात तर आणखी बरे.

मी खिडकीशी बसणार नाही.

तुम्ही आला नाहीत, तर घरी आहात, असे समजेन.

तुमचा
हिल्डिंग